आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून ?

निकाल लागला की देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंत आपल्या वस्त्यांत ही म्हण हमखास ऐकू येते. "पोरगं ढ आहे, रक्तातच नाही !" आपल्याच माणसांनी हे बोलावे ? रक्ताची ही भाषा तर जातीची !

विज्ञान वेगळे सांगते. उंदरांचा एक वंश जन्मतःच भित्रा असतो. ताणाने लवकर खचतो. हौदातल्या पाण्याखाली लपवलेला चौथरा आठवणीने शोधायचा, या परीक्षेत तो मागे पडतो. १९९६ साली कॅनडातील संशोधकांनी याच वंशाची काही पिल्ले रोज थोडा वेळ हाताळली, काही दुसऱ्या वंशाच्या आईच्या कुशीत वाढवली. रक्त तेच राहिले. पण मोठेपणी ती परीक्षेत सुधारली.

बंगळूरच्या संशोधकांनी उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवले. मेंदूतल्या आठवणीच्या केंद्रात पेशींच्या फांद्या आखडल्या, भीतीच्या केंद्रात वाढल्या. पुढे एकवीस दिवस विश्रांती दिली, तरी भीतीच्या फांद्या तशाच !

मूल म्हणजे उंदीर नव्हे, हे खरेच. पण दारूची भांडणे, दारात उभा सावकार, वर बापाचा मार. रोज दचकणाऱ्या लेकराचे चित्त पुस्तकात कसे लागावे ?

देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्ती बसवली. वस्तीवस्तीतल्या विहारांची दारे संध्याकाळी अभ्यासाला उघडावीत. शिकवायला मास्तर नसला तरी चालेल. दोन तास कोणी ओरडणार नाही, एवढे पाहावे.