लेकरांसह येणारी वधू

नामवंतांच्या पुनर्विवाहाची वार्ता आपण कौतुकाने वाचतो. तसाच विवाह शेजारच्या घरी ठरला, तर मात्र आपल्या कपाळाला आठ्या पडतात. भोर तालुक्यातील किकवी हे पुणे-सातारा मार्गावरचे गाव. शहरातील गाणी तेथे पोचायला वेळ लागत नाही. परंतु त्या गाण्यांमागील आयुष्यांना आपण जी सवलत देतो, ती किकवीतल्या एखाद्या एकाकी मातेला मिळेल काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आशा भोसले यांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी घरच्यांचा विरोध पत्करून गणपतराव भोसले यांच्याशी विवाह केला. १९६० मध्ये त्या घरातून त्या बाहेर पडल्या. तीन मुलांचे संगोपन त्यांनी आपल्या गळ्याच्या बळावर केले. १९६६ च्या ‘तीसरी मंझिल’पासून राहुलदेव बर्मन यांच्या संगीताशी त्यांच्या स्वराचे नाते जडले आणि १९८० मध्ये दोघांचा विवाह झाला. वर जवळजवळ सहा वर्षांनी लहान आणि त्यांचाही पहिला संसार मोडलेला. रसिकांनी यातील प्रणय तेवढा लक्षात ठेवला. १९६० आणि १९८० यांमधील वीस वर्षांकडे कोणी फारसे पाहिले नाही.

ती वर्षे तशी का गेली, हा त्यांचा खासगी प्रश्न. परंतु सामान्य स्त्रीला समाज अगदी हाच हिशेब घालून देतो. आधी मुले मोठी कर, मग स्वतःचे पाहा, असे तिला सांगितले जाते. आणि मुले मोठी झाली की, आता या वयात हे कशाला, असे विचारले जाते. म्हणजे योग्य वेळ अशी तिच्या वाट्याला येतच नाही. विधुराला मात्र हीच मुले लवकर लग्न करण्याचे निमित्त ठरतात. आईविना पोरांचे हाल होतात, हे आपल्याला तत्काळ उमगते. बापाविना वाढणाऱ्या पोरांच्या बाबतीत आपण त्यांच्या आईच्या त्यागाची स्तुती करून मोकळे होतो.

हा भेद केवळ लोकरीतीत नव्हता, कायद्यातही होता. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता दिली. पण त्याच कायद्याने पुनर्विवाह करणारीचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क काढून घेतला आणि तिची मुले पतीच्या नातलगांच्या ताब्यात देण्याची वाटही मोकळी ठेवली. मावळातील अनेक समाजांत पाट लावण्याची रूढी पूर्वापार होती. तेथे स्त्रीला दुसरे घर मिळे. मुलांना ते मिळेलच, असे नव्हते.

आज कायदा बराच पुढे आला आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. पतीच्या निधनानंतर एका मातेने पुनर्विवाह केला आणि मुलाला नव्या पतीचे आडनाव दिले. पहिल्या पतीच्या आईवडिलांनी त्यास हरकत घेतली. मुलाच्या कागदपत्रांत नव्या पतीची नोंद ‘सावत्र पिता’ अशी करावी, असा उच्च न्यायालयाचा निर्देश होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निष्ठुर ठरवून रद्द केला. पित्याच्या पश्चात माता हीच मुलाची नैसर्गिक पालक असून त्याचे आडनाव ठरविण्याचा अधिकार तिचा आहे, असा निर्वाळा दिला. महाराष्ट्रातही १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे आवश्यक करण्यात आले आहे.

कायदा मुलाच्या नावाचा प्रश्न सोडवू शकतो. मुलाकडे पाहणारी नजर तो बदलू शकत नाही. ती बदलण्याचे काम शाळेत हजेरी घेणाऱ्या शिक्षकाचे आहे आणि दाखल्यावर नोंद करणाऱ्या लिपिकाचेही आहे. दोन आडनावे पाहून भुवई उंचावायची की मुकाट्याने नोंद करायची, एवढाच प्रश्न असतो. पण समोर उभ्या असलेल्या मुलाला तो फार मोठा असतो.

यासाठी आदर्श दूर शोधण्याचे कारण नाही. किकवीजवळच्याच कापूरहोळची धाराऊ गाडे हिने संभाजीराजांना दूध पाजले. जन्म न देता केलेल्या त्या मातृत्वाचा या परिसराला आजही अभिमान आहे. परक्या लेकराला दूध देणारी स्त्री जर आपल्याला वंदनीय वाटते, तर परक्या लेकराला घर देणारा पुरुष आणि त्याचा हात धरणारी आई यांची कुजबूज आपण का करावी? नामवंतांना जी क्षमा आपण सहज करतो, तिची खरे तर त्यांना गरज नसते. ज्यांना आहे, ते आपल्या शेजारी राहतात. आणि त्यांनाही क्षमा नको आहे, केवळ साधा मान हवा आहे.