आधी कॅल्क्युलेटर साफ, मग गणित

सीएफएच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेत 180 प्रश्न असतात आणि वेळ मिळतो 135 मिनिटांच्या दोन सत्रांचा. एका प्रश्नाच्या वाट्याला येतं सरासरी दीड मिनिट. हॉलमध्ये न्यायला परवानगी आहे ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या बीए टू प्लसला आणि 1981 साली बाजारात आलेल्या एचपी 12सीला, त्यांच्या ठरावीक आवृत्त्यांसह. बाकीचे कॅल्क्युलेटर दाराबाहेर.

वेळ वाचवायचा म्हणजे बोटं भराभर चालवायची, असं अनेक परीक्षार्थींना वाटतं. पण मागच्या गणितातलं काय काय मशीनमध्ये साठून राहिलंय, हे ज्याला ठाऊक असतं त्याचाच वेळ वाचतो.

घरोघरी ओळखीचं गणित घेऊ. 40 लाखांचं गृहकर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं. बीए टू प्लसवर ‘एन’मध्ये 240 महिने, ‘आय/वाय’मध्ये 8.5 भागिले 12, ‘पीव्ही’मध्ये 40 लाख आणि ‘एफव्ही’मध्ये शून्य भरायचं. मग ‘सीपीटी’, ‘पीएमटी’ दाबलं की हप्ता येतो 34,713 रुपये. त्यामागे उणे चिन्ह दिसतं, कारण कर्ज हातात येतं आणि हप्ता हातातून जातो. या चिन्हाला घाबरून गणित पुन्हा करण्यात कितीतरी जणांचं मिनिट जातं.

आता याच मशीनवर वर्षाला हप्ते किती, ही ‘पी/वाय’ची नोंद आधीच 12 वर राहिली असेल, तर व्याजाला दोनदा 12 नं भाग जातो आणि हप्ता दिसतो सुमारे 17,880. नुसतं मुद्दल 240 महिन्यांत वाटलं तरी महिन्याला 16,667 होतात, तेव्हा या आकड्याचा संशय यायलाच हवा. ‘बीजीएन’ हा मोड चुकून चालू राहिला, तर हप्ता महिन्याच्या सुरुवातीला धरला जातो आणि उत्तर येतं 34,469. हे जास्त धोक्याचं, कारण आकडा पटण्यासारखा आहे आणि पर्यायांतही बहुधा हजर असतो. 8.5 भागिले 12 चं उत्तर कागदावर 0.71 असं लिहून पुन्हा भरलं, तरी हप्ता 51 रुपयांनी वाढतो. भागाकाराचं उत्तर पडद्यावर असतानाच ‘आय/वाय’ दाबावं.

‘क्लिअर टीव्हीएम’नं पाचही खाने रिकामे होतात, पण ‘पी/वाय’ आणि ‘बीजीएन’ जागच्या जागी राहतात. ते दोन्ही पेपर सुरू होण्याआधी तपासायचे. पुढे हेच आकडे भरलेले असताना ‘अमॉर्ट’मध्ये 1 ते 60 हप्ते दिले, की पाच वर्षांनंतरची बाकी लगेच मिळते: सुमारे 35.25 लाख. तोवर भरलेले असतात 20.83 लाख. परीक्षा द्यायची नसली, तरी कर्ज काढणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा करून पाहावं.

सीएच्या परीक्षेत अशी मशीन चालत नाहीत. तिथे सहा क्रिया, 12 अंक आणि दोन मेमरी एवढीच मर्यादा आहे. पण साध्या कॅल्सीवरही ‘जीटी’ बटण मोठं काम करतं. दहा टक्के दरानं तीन वर्षांचे डिस्काउंट फॅक्टर हवे असतील, तर ‘जीटी’ शून्य करून 1 भागिले 1.1 आणि मग तीनदा बरोबरचं चिन्ह दाबायचं. 0.9091, 0.8264, 0.7513 असे आकडे ओळीनं येतात आणि ‘जीटी’ त्यांची बेरीज देतं, 2.4869. दरवर्षी सारखी रक्कम मिळणार असेल, तर तिला या एका आकड्यानं गुणलं की काम झालं. काही मशीनवर मात्र क्रम उलटा असतो: आधी 1.1, मग भागाकाराचं बटण दोनदा, मग 1.

म्हणूनच परीक्षेच्या तोंडावर नवं मशीन घेऊ नका. ज्यावर सराव केला तेच न्या, आणि बॅटरी तेवढी बदलून घ्या.