पेटाफ्लॉपचा आकडा आणि तारांचा हिशेब

26 सप्टेंबर 2024 रोजी राष्ट्रार्पण झालेल्या तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांच्या बातम्यांत 130 कोटींचा खर्च होता, गणनेचा वेग सांगणारे पेटाफ्लॉप होते, पुण्याच्या यंत्रावर जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे शास्त्रज्ञ काय शोधणार हेही होते. आतले संगणक एकमेकांशी कसे जोडले आहेत, हे मात्र कोणी फारसे विचारले नाही. आणि यंत्राचा कस तर तिथेच लागतो. खोडदच्या जीएमआरटीत 30 अँटेना आहेत, त्यांच्या जोड्या होतात 435. तीसच संगणक असते तर प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे तार ओढता आली असती. हजार झाले की 4,99,500 तारा लागतात. म्हणून तारा मोजक्याच ओढायच्या आणि निरोप टप्प्याटप्प्याने पुढे सरकवायचा. पण मोजक्या म्हणजे कोणत्या?

कॅलटेकच्या ‘कॉस्मिक क्यूब’ने 1983च्या सुमारास 64 संगणक हायपरक्यूब रचनेत, म्हणजे घनाचीच कल्पना अधिक मितींत वाढवून, जोडले आणि पुढे काही वर्षे त्याच रचनेची चलती होती. तिथेच डॉक्टरेट केलेल्या विल्यम डॅली यांनी 1990 मध्ये या चलतीला हिशेबाने उत्तर दिले. 4096 संगणकांचा हायपरक्यूब मधोमध कापला तर 2048 जोडण्या तुटतात. 16×16×16च्या टोरसमध्ये, म्हणजे प्रत्येक संगणक तिन्ही दिशांच्या शेजाऱ्यांशीच जोडलेल्या आणि समोरासमोरच्या कडा एकमेकींना जुळवलेल्या जाळीत, 512. मधून जाणाऱ्या तारांची एकूण संख्या तीच ठेवली, तर टोरसची प्रत्येक जोडणी चौपट रुंद करता येते. जास्तीत जास्त टप्पे 12 ऐवजी 24 होतात हे खरे. पण अख्खा निरोप प्रत्येक थांब्यावर उतरवून न घेता वाहता ठेवला, तर टप्प्यांचा उशीर किरकोळ ठरतो आणि लांबलचक निरोप रुंद वाटेने लवकर पोचतो. याच डॅलींनी 2008 मध्ये सहकाऱ्यांसह ‘ड्रॅगनफ्लाय’ ही अनेक अरुंद जोडण्यांची रचना मांडली. अमेरिकेचा ‘फ्रंटियर’ महासंगणक त्याच रचनेवर चालतो. याला कोलांटउडी म्हणणे अन्यायाचे होईल. दरम्यान राउटर चिपची क्षमता कैक पटींनी वाढली होती, आणि महाग काय हे बदलले की रचनाही बदलावी लागते.

संगणक जोडणारे इन्फिनीबँडचे तयार जाळे बाजारात मिळत असताना ‘परम’ महासंगणक बनवणाऱ्या सी-डॅकने ‘त्रिनेत्र’ हे देशी जाळे विकसित करण्याचा खटाटोप का करावा, हा आक्षेप अगदीच फोल नाही. पण इन्फिनीबँडमधली आघाडीची कंपनी मेलानॉक्स 2020 पासून एन्व्हिडियाच्या मालकीची आहे. गणनेच्या चिपा आणि त्या जोडणारे जाळे एकाच दुकानातून घ्यायचे, तर घासाघीस कशाच्या बळावर करणार? त्रिनेत्रला माझा पाठिंबा आहे, तो आंधळा नव्हे. त्याचा भर त्रिमितीय टोरसवर आहे. गणित शेजाऱ्याशेजाऱ्यांतल्या देवघेवीवर भागते तिथे टोरस उत्तम चालतो. फूरिए रूपांतरासारख्या कामात मात्र प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलायचे असते आणि सगळी गर्दी त्या मधल्या जोडण्यांवर येते. पुढच्या उद्घाटनाच्या पत्रकात पेटाफ्लॉपच्या शेजारी त्या गर्दीतला वेगही छापावा.