मेमरी संपत येते तेव्हा

कॉम्प्युटरची मेमरी भरत आली की लिनक्सचा कर्नल आवराआवर सुरू करतो. मेमरीत बदललेला पण अजून डिस्कवर न उतरलेला मजकूर लिहून टाकायचा आणि ती जागा दुसऱ्याला द्यायची. गोम अशी, की हे लिहिणं फाइलसिस्टिमचं काम, आणि ते करायला तिलाच थोडी मेमरी लागते. माळा रिकामा करायचा तर आधी खाली सामान ठेवायला जागा हवी, तशातली गत. मी पुण्यात फाइलसिस्टिमच्या चाचण्या घेते. माझ्याकडे येणारे सगळ्यात चिवट बग याच कोंडीतले.

२०१४च्या अखेरीस तेत्सुओ हांडा यांनी कर्नलवाल्यांपुढे असाच पेच मांडला. एक्सएफएस या फाइलसिस्टिमवर काम करणारी एक प्रोसेस लॉक धरून मेमरी मागते. मेमरी नाही, म्हणून कर्नलचा ‘ओओएम किलर’ भलत्याच प्रोसेसचा बळी घेतो. ती मेली की जागा सुटेल ही आशा. पण ती नेमकी त्याच लॉकसाठी खोळंबलेली, त्यामुळे तिला मरताही येत नाही. मशीन ठप्प.

या वादात एक जुनी गोष्ट उघड झाली. मेमरीच्या आठ पानांपर्यंतच्या, म्हणजे साधारण ३२ केबीपर्यंतच्या मागणीला कर्नल सहसा नकार देतच नाही, प्रयत्न करत राहतो. एक्सएफएसचे डेव्हलपर डेव्ह चिनरही हे ऐकून चकित झाले. ‘मेमरी मिळाली नाही तर काय करायचं’ याचा कोड जागोजाग लिहिलेला, पण तो फारसा कधी चाललेलाच नाही! मला हा नियम आवडत नाही. तरी तो एकदम काढावा असंही म्हणणार नाही, कारण मग हा न तपासलेला सगळा कोड एकाच वेळी जागा होईल. शिवाय एक्सएफएसमध्ये ट्रान्झॅक्शनचे बदल सुरू झाल्यावर मागे फिरता येत नाही. तिथे नकार मिळाला तर फाइलसिस्टिम स्वतःला बंद करून घेते.

मेमरी खरोखर संपवून हे बग पकडणं म्हणजे नशिबाचा खेळ. आज दिसला, उद्या नाही. म्हणून आम्ही कर्नललाच खोटं बोलायला लावतो. २००७पासून त्यात ‘फॉल्ट इंजेक्शन’ आहे: मेमरी भरपूर असली तरी ‘नाही’ म्हणायचं. पहिल्या फेरीत पहिली मागणी नाकारायची, दुसरीत दुसरी, एकही नकार न लागता काम तडीस जाईपर्यंत. प्रत्येक फेरीनंतर बघायचं: लॉक सुटलं का, अर्धवट घेतलेली मेमरी परत गेली का, डिस्कवरचा हिशेब जुळतो का. काम कंटाळवाणं आहे, पण बग हमखास सापडतात.

दुरुस्ती मात्र बऱ्याचदा दोन-चार ओळींची. लागणारी मेमरी लॉक घेण्याआधीच मागून ठेवायची. ते जमत नसेल तर ‘जागा करण्यासाठी फाइलसिस्टिमकडे परत येऊ नका’ अशी खूण मागणीवर लावायची. ही खूण काहीजण सरसकट लावत सुटतात. मग कर्नलला जागा करायला फारसा वाव उरत नाही. त्यामुळे कुणी ती लावून पॅच पाठवला, की मी आधी विचारते, इथे नेमकं कोणतं लॉक धरलंय?