ॲस्परजिलस प्रजातीची रचना व वर्गीकरण

शिळी भाकरी, दमट भुईमूग किंवा ओलसर चामडे ह्यांवर उगवलेल्या काळ्या-हिरव्या बुरशीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यास पुष्कळदा ॲस्परजिलस ह्या कवक-प्रजातीचे दर्शन घडते. फ्लॉरेन्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली ह्यांनी १७२९ साली तिचे नामकरण केले. चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनाशी तिचे साम्य त्यांना जाणवले. मिकेली स्वतः धर्मगुरू होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

कवकजाल रंगहीन व पटयुक्त असते. त्यातील एका जाड भित्तीच्या पादकोशिकेतून विबीजुकधर सरळ वर येतो व त्याचे अग्र फुगून पुटी बनते. पुटीवर बाटलीच्या आकाराच्या कोशिका उभ्या असतात. प्रत्येकीच्या तोंडातून विबीजुके एकामागून एक बाहेर पडतात. त्यामुळे साखळीतील सर्वांत जुने विबीजुक टोकाशी व सर्वांत नवे बुडाशी आढळते. ॲ. फ्युमिगेटसमध्ये ह्या कोशिका थेट पुटीवर असतात, तर ॲ. नायजरमध्ये मध्ये आधारकोशिकांचा आणखी एक थर असतो. ॲ. फ्लेव्हसमध्ये दोन्ही प्रकार दिसतात आणि नवशिक्याची फसगत होते ती येथेच.

रेपर व फेनेल ह्यांनी १९६५ साली ह्याच लक्षणांवरून व वसाहतीच्या रंगावरून १३२ जातींचे १८ गट पाडले. तथापि केवळ रूपावर विसंबणे धोक्याचे आहे. जपानमध्ये सोया सॉस व मिसो ज्याच्या साहाय्याने करतात ते ॲ. ओरायझी आणि अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करणारे ॲ. फ्लेव्हस ह्यांत रूपाने फारच थोडा भेद आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये ह्या विषाने दूषित झालेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमाभागात बुरशी लागलेला मका खाल्ल्याने १०६ माणसे मृत्युमुखी पडली.

लैंगिक अवस्थेस युरोशियम, एमेरिसेला अशी वेगळी नावे देण्याची प्रथा २०११ च्या मेलबर्न परिषदेत रद्द झाली. आता जातिनिश्चितीसाठी कॅल्मोड्युलिन जनुकाचा क्रम पाहतात. ओरायझी हे फ्लेव्हसचेच माणसाळलेले रूप होय, असे जनुकीय पुरावा सुचवितो. तरीही अन्नसुरक्षेच्या सोयीसाठी दोन्ही नावे पृथक् राखलेली आहेत.