फ्रेंच 'सुब्जाँक्तीफ पासे' आणि मराठी वाख्यात : दिवेआगरच्या निमित्ताने

फ्रेंच व्याकरणातील 'सुब्जाँक्तीफ पासे', म्हणजेच भूतकालीन विध्यर्थाची रूपे, मराठी भाषक विद्यार्थ्यांना जड जातात, असा अध्यापकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. ही रूपे बहुधा इंग्रजीच्या आधारे शिकवली जातात. आणि इंग्रजीत या अर्थाची स्वतंत्र रूपव्यवस्था जवळजवळ लोप पावलेली असल्यामुळे विद्यार्थी कोष्टक पाठ करतो, त्यामागील तत्त्व त्याच्या हाती लागत नाही. वस्तुतः रचनेच्या दृष्टीने हे क्रियारूप मराठी माणसाच्या घरचेच आहे. खरी अडचण आहे ती रूपात नव्हे, तर ते कोठे योजावे यात. ही गोष्ट रायगड किनाऱ्यावरील एका परिचित घटनेच्या आधारे येथे स्पष्ट करावयाची आहे.

श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव शके ९८२ (इ. स. १०६०) मधील ताम्रपटामुळे मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. सर्वसामान्यांना ते ठाऊक झाले १९९७ साली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सुपारीच्या बागेत खणताना तांब्याची पेटी सापडली आणि तीत गणपतीचा सुवर्ण मुखवटा निघाला. मार्च २०१२ मध्ये तो चोरीस गेला आणि वितळवला गेला. ही पेटी कोणी व का पुरली, याविषयी आपण मराठीत सहज म्हणतो : 'कोणीतरी ती भयापोटी पुरली असावी.'

'पुरली असावी' या रूपाची फोड केली असता दोन घटक दिसतात : भूतकालवाचक कृदन्त आणि 'असणे' या साहाय्यक क्रियापदाचे वाख्यात. फ्रेंचमध्येही नेमके हेच घडते. 'इल ए पोसिब्ल क केल्काँ ए आँतेरे ल कोफ्रे' (कोणीतरी पेटी पुरली असणे शक्य आहे) या वाक्यात 'आँतेरे' हे कृदन्त असून त्यापूर्वीचा 'ए' हे 'आव्ह्वार' या साहाय्यक क्रियापदाचे विध्यर्थी रूप आहे. 'आव्ह्वार' व 'एत्र' या दोन साहाय्यकांची विध्यर्थी रूपे आली की मुख्य क्रियापद कोणतेही असो, केवळ त्याचे कृदन्त जोडावयाचे असते. शिवाय ही रूपे लेखनात जितकी भयावह दिसतात तितकी उच्चारात नाहीत. 'आव्ह्वार'ची लेखनातील सहा रूपे उच्चारात तीनच उरतात : 'ए', 'एयों', 'एये'. 'एत्र'चीही तीनच : 'स्वा', 'स्वायों', 'स्वाये'. जाणे-येणे अशा मोजक्या क्रियापदांना आणि सर्व आत्मवाचक क्रियापदांना 'एत्र' लागते. 'कील स्वा व्हन्यू' म्हणजे 'तो आला असावा' यातील रूप. एक सापळा मात्र सांगितला पाहिजे. स्वार्थात 'ए' हा उच्चार 'एत्र'चा असतो, तर विध्यर्थात तोच 'आव्ह्वार'चा होतो. श्रुतलेखनात हमखास चूक होते ती येथे.

लिंगवचनाच्या बाबतीत मराठी विद्यार्थी इंग्रजीच्या वाटेने जाणाऱ्यापेक्षा पुढे असावयास हवा. 'चोरांनी मुखवटा नेला असावा', पण 'मूर्ती नेली असावी' : क्रियापद कर्माच्या मागे जाते, कारण वाख्याताचे मूळ संस्कृत '-तव्य' या कर्मणी कृदन्तात असले तरी येथे भूतकृदन्तही कर्माशीच जुळते. फ्रेंचमध्ये 'आव्ह्वार'सह येणारे कृदन्तही कर्माशी जुळते. अट इतकीच की कर्म क्रियापदाच्या आधी आलेले असावे. 'मास्क' पुल्लिंगी, म्हणून '(क ले व्होलर) ले प्री'. 'स्तात्यू' स्त्रीलिंगी, म्हणून 'ले प्रीझ'. फरक कानालाही कळतो. साहाय्यक मात्र फ्रेंचमध्ये लिंगानुसार बदलत नाही, मराठीत 'असावा-असावी' असे बदलते.

इथवर साम्य झाले. आता योजनेकडे वळू. मराठी वाख्यात बोलणाऱ्याच्या मनातील अनिश्चितता दाखवते. फ्रेंच विध्यर्थ मुख्य वाक्यातील क्रियापदाच्या अधीन असतो. गोष्ट निश्चित आहे की अनिश्चित, याच्याशी त्याला प्रत्येक वेळी कर्तव्य नसते. मुखवट्याची चोरी ही सिद्ध झालेली घटना आहे. 'मुखवटा चोरीस गेला याची खंत वाटते' असे मराठीत निखळ भूतकाळात म्हणतात. येथे 'गेला असावा' म्हटले तर ऐकणाऱ्याला चोरीचीच शंका येईल. फ्रेंचमध्ये मात्र 'झ रग्रेत' (मला खेद वाटतो) म्हणताच विध्यर्थ अपरिहार्य होतो : 'झ रग्रेत क ल मास्क ए एते व्होले'. आनंद, खेद, भय, आश्चर्य यांच्या क्रियापदांनंतर घटना कितीही खरी असली तरी नियम हाच.

उलट दिशेनेही घसरण होते. 'तो आला असावा असे मला वाटते' या वाक्यातील 'असावा' पाहून विद्यार्थी विध्यर्थ वापरतो, पण होकारार्थी 'झ पाँस'नंतर फ्रेंचला स्वार्थच हवा : 'झ पाँस कील ए व्हन्यू'. नकार आला की विध्यर्थ येतो : 'झ न पाँस पा कील स्वा व्हन्यू'. 'एस्पेरे', म्हणजे आशा बाळगणे, हे क्रियापद याहून फसवे आहे. मराठी आशा 'असावा' मागते, फ्रेंच आशा होकारार्थी असता स्वार्थावर भागवते. तसेच 'चोरांनी मूर्ती नेली असावी' असे स्वतंत्र वाक्य असेल, तर फ्रेंचमध्ये विध्यर्थ नव्हे, 'द्व्हार' या क्रियापदाचा आधार घ्यावा लागतो : 'ले व्होलर ओं द्यू ला प्राँद्र'.

विध्यर्थाच्या अपूर्ण व पूर्णभूत रूपांचा येथे विचार केलेला नाही. ती आज केवळ ग्रंथांत भेटतात. वर्गात उपयोगी पडते ती एक सवय : मराठी वाक्यातील 'असावा'कडे न पाहता आधी मुख्य क्रियापद शोधावे. कोष्टक फळ्यावर नंतर लिहिले तरी चालते.