शेतातलं इंधन (भाग ५) : तेल बिघडतं ते पोत्यात

मागच्या भागात करंजाचं तेल घाण्यातून बाहेर आलं. ते तसंच ट्रॅक्टरमध्ये ओतून चालत नाही, कारण ते डिझेलच्या जवळपास दहापट दाट असतं. इंजेक्टरला एवढं दाट तेल नीट फवारता येत नाही. ते अर्धवट जळतं आणि इंजिनात काजळी धरते.

हा दाटपणा मोडायची रीत जुनीच आहे. तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरीनला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. मेथनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून तो ६० अंशांपर्यंत तापवलेल्या तेलात ढवळला, की या साखळ्या ग्लिसरीनला सोडून मेथनॉलशी जोडल्या जातात. तेच बायोडिझेल. १०० लिटर तेलाला साधारण २० लिटर मेथनॉल लागतं. तासभर ढवळून रात्रभर निवळू दिलं, की जड, तपकिरी ग्लिसरीन तळाशी बसतं. वरचं बायोडिझेल कोमट पाण्यानं धुवायचं आणि त्यातला पाण्याचा अंश काढून टाकायचा.

सोयाबीनच्या शुद्ध तेलावर ही कृती सहज जमते. करंजाच्या तेलात मात्र सकाळी पुष्कळदा दोन थर दिसतच नाहीत. पिंपात फेसाळ, चिकट लगदा असतो. तो साबण.

याचं मूळ पोत्यात आहे. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात पिकतात. वेचलेल्या बिया नीट न वाळवता कोपऱ्यात ठेवल्या आणि पाऊस लागला, की ओलीमुळे बीतलं तेल आतच फुटू लागतं आणि मेदाम्लं सुटी होतात. सुट्या मेदाम्लाला कॉस्टिक सोडा भेटला, की साबण होणारच. हा साबण बायोडिझेलला ग्लिसरीनपासून वेगळं होऊ देत नाही.

म्हणून आधी तेल तपासायचं. १ मिलिलिटर तेल १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळा, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका. लिटरभर पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक सोडा घालून केलेलं द्रावण सिरिंजनं थेंब थेंब सोडत राहा. गुलाबी रंग येतो आणि हलवलं की उडतो. तो दहा-पंधरा सेकंद टिकला, की थांबा. तोवर ३ मिलिलिटरपेक्षा जास्त द्रावण लागलं असेल, तर सुटी मेदाम्लं २ टक्क्यांच्या पुढे गेली असं धरा. अशा तेलावर आधी गंधकाम्ल आणि मेथनॉलची वेगळी प्रक्रिया करावी लागते. ती होते, पण वेळ, मेथनॉल आणि आम्लाला टिकणारी भांडी, सगळ्याचा खर्च वाढतो.

बायोडिझेलची चर्चा कारखान्याच्या क्षमतेवर होते, वाळवणीच्या ताडपत्रीवर कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कर्नाटकात हासन जिल्ह्यातल्या मडेनूरच्या जैवइंधन उद्यानानं बांधावरची झाडं आणि गावातली बी-वेचणी यांवर भर दिला. आपल्याकडेही करंज बांधावर, ओढ्याकाठी आहेच. बिया कडक वाळवून, जमिनीपासून उंच, हवेशीर जागी ठेवणं आणि पावसाआधी घाण्यावर नेणं, एवढं गावपातळीवर जमण्यासारखं आहे.

एक मात्र पाळा. मेथनॉल विषारी असतं, कातडीतूनही अंगात शिरतं आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. तेल जरूर तपासा. पण मेथनॉलची प्रक्रिया जाणकाराच्या देखरेखीखाली, हवा खेळती असलेल्या शेडमध्येच करा, घरात नको.